अबोल्याचे दप्तर

राळेगावच्या तहसील कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक टंकलेखन यंत्र, ज्याच्या जागी अलीकडे पुतण्याच्या आग्रहास्तव संगणक आला आहे, एवढ्या भांडवलावर मी गेली चौतीस वर्षे अर्जनवीसाचा धंदा करीत आलो असून, या अवधीत तालुक्यातील मनुष्यमात्राची जी काही गाऱ्हाणी कागदावर उतरण्याच्या योग्यतेची ठरली, त्यांपैकी बरीचशी माझ्या बोटांखालून गेली आहेत असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. पैसेवारी कमी लावण्याविषयीची विनंती, धुऱ्यावरच्या बाभळीचा तंटा, फेरफार नोंदीस हरकत, मयताच्या वारसांची नोंद, हे आमचे नित्याचे पीक. परंतु या सर्वांत मला विशेष जिव्हाळा वाटतो तो एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या अर्जाविषयी. त्याचा विषय असतो, 'शिधापत्रिकेतून पत्नीचे नाव कमी करणेबाबत'.

संसाराला तडा गेला की त्याची पहिली वर्दी न्यायालयास लागत असेल, अशी शहरातील सुशिक्षितांची समजूत असते. आमच्याकडे ती पुरवठा विभागास लागते. नवरा तणतणत येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो, खर्र्याची पुडी दोन बोटांत चोळीत म्हणतो, "काकाजी, तिचं नाव काटून टाका राशनकार्डातून." मी विचारतो, "काहून रे?" तो म्हणतो, "मायाशी बोलतच नाही ते." "अन् तू बोलतोस?" "मी काहून बोलू?" इतकी जबानी झाली की मी अर्ज टंकित करून त्याच्या हाती देतो आणि त्याची प्रत संगणकात जपून ठेवतो, कारण तोच गृहस्थ साधारण दोन-तीन महिन्यांत, या खेपेस खुर्चीवर नीट मागे रेलून, 'पत्नीचे नाव समाविष्ट करणेबाबत' अर्ज मागावयास येणार, हे मला अनुभवाने ठाऊक असते. मला केवळ 'कमी' हा शब्द खोडून 'समाविष्ट' हा शब्द घालावा लागतो. या दुसऱ्या अर्जाची मी निम्मी लिखाई घेतो. काहींचे तर पहिला अर्ज कचेरीत दाखल करण्याचेच राहून गेलेले असते, त्यांच्याकडून मी काहीच घेत नाही. चहा मात्र पितो.

आमच्या या व्यवसायाची भाषा पुणेकर वाचकांस किंचित परकी वाटण्याचा संभव आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभारात आले, पुढे इंग्रजही गेले. परंतु फिर्याद, कैफियत, रुजुवात, तहकुबी, मुचलका, दरखास्त या शब्दांनी काही वऱ्हाड सोडले नाही. आणि माझे तर असे प्रांजळ मत आहे की पतिपत्नींच्या कलहाचे यथातथ्य वर्णन या शब्दांवाचून होणेच अशक्य आहे. 'आमच्यात थोडा तणाव आहे' असे म्हटल्याने काय बोध होतो? तणाव तंबूच्या दोरीलाही असतो. पण 'प्रतिवादीने कैफियत देण्याचे नाकारल्यामुळे प्रकरण तहकूब', असे म्हणताच संपूर्ण स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहते.

मध्यंतरी आमच्या गावी कौटुंबिक स्वास्थ्य या विषयावर एका विद्वान समुपदेशकांचे व्याख्यान झाले. व्याख्यात्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गृहस्थ सज्जन होते, आणि त्यांनी आपला सिद्धांत पडद्यावर चित्रे दाखवून मांडला. सिद्धांत असा, की संसारातील यच्चयावत अनर्थांचे मूळ मौनात असून, पतिपत्नींनी मनात जे जे येईल ते ते एकमेकांस तत्काळ आणि मोकळेपणाने सांगून टाकावे. सभागृहातील विवाहित श्रोतृवर्ग हे ऐकून एकदम चिडीचूप झाला. मीही झालो. कारण माझे दप्तर नेमके उलट सांगते. मनातले सगळे मोकळेपणाने बोलून मोकळी झालेली जोडपी माझ्याकडे फारकतीच्या मसुद्यासाठी आली आहेत. ज्यांनी योग्य क्षणी दात ओठांवर आवळून अबोला धरला, त्यांचे प्रकरण राशनकार्डापलीकडे क्वचितच गेले.

अबोला म्हणजे नुसते न बोलणे, असा ज्यांचा ग्रह असेल त्यांनी कधी धड भांडण केलेले नसावे. अबोला ही एक रीतसर कार्यपद्धती आहे. तीत भोजन बंद होत नाही, चहा बंद होत नाही, ताटातील भाजीचे प्रमाणही कमी होत नाही. फक्त चहाची कपबशी हातात न देता, ती हातापासून दीड वितीवर, कानात जाईल इतक्या आवाजाने ठेवली जाते. तीत संभाषणही बंद होत नाही. केवळ त्याचे व्याकरण पालटते. शाळेत असताना आम्हांस तीन प्रयोग शिकविले होते. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या तंत्राने चालते, कर्मणीत कर्माच्या तंत्राने चालते, आणि भावे प्रयोगात ते कर्त्याचेही ऐकत नाही व कर्माचेही ऐकत नाही. पहिल्या दोहोंचा उपयोग मला व्यवसायात झाला, परंतु तिसरा प्रयोग व्याकरणकारांनी कशासाठी निर्माण केला असावा, हे कोडे लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सुटले. "जेवायचं असेल तर वाढलं आहे." "मीठ संपलं म्हणतात." "माणसानं रात्री वेळेवर यावं." यातील कोणते वाक्य कोणी कोणास उद्देशून उच्चारले, हे जगातील कोणतेही न्यायालय सिद्ध करू शकणार नाही. अशी दक्षता घेऊन बोललेल्या वाक्यावर दुसऱ्या पक्षाला अपील करता येत नाही, आणि म्हणूनच अबोल्यात भांडण वाढत नाही.

कायदा करणारांनाही हे गुपित थोडेफार गवसले असावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ अन्वये, न्यायाधीशाने दाद देण्यापूर्वी प्रथम समेटाचा यत्न करावयाचा असून, त्याकरिता पक्षकारांच्या इच्छेने कामकाज फार तर पंधरा दिवस तहकूब ठेवता येते. पंधरा दिवस! आमच्या शेजारी नवरा-बायकोने पोळ्याच्या दिवशी पुरणात वेलदोडा घातला की नाही यावरून धरलेला अबोला देवदिवाळीपर्यंत चालला होता. १९७६ साली याच कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३ ब घालण्यात आले, तेव्हा मात्र संसदेत कोणीतरी संसारी माणूस बसलेला असावा; कारण त्यात अर्ज दाखल केल्यावर आणखी सहा महिने वाट पाहण्याची तरतूद आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतील असा निर्णय दिला, आणि जिथे संसाराची राख होऊन थंड झालेली आहे तिथे तो न्याय्यच म्हटला पाहिजे; पण माझ्याकडे येणाऱ्यांची राख बहुधा वरवरची असते, आत विस्तव शाबूत असतो.

आमच्या तालुक्यात आणखी एक पेच आहे. येथे कोलाम, गोंड, परधान यांची वस्ती मोठी, आणि अनुसूचित जमातींना हा हिंदू विवाह कायदा लागूच नाही; त्यांचे नियम त्यांच्या रूढीचे आणि पंचांचे. मराठीत 'काडीमोड' हा जो शब्द आहे, त्यात गवताची काडी मोडून नाते तुटल्याचे जाहीर करण्याची जुनी रीत जिवंत आहे. मला त्या रीतीत मोठा शहाणपणा दिसतो. काडी विनामूल्य मिळते. त्याच्या उलट जे लोक कायद्याने बांधलेले असूनही वकिलाचा खर्च टाळण्यासाठी शंभराच्या मुद्रांकावर फारकतनामा लिहून द्या म्हणून माझ्या मागे लागत, त्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की बाबांनो, या कागदाने तुमचे लग्न मोडत नाही, फक्त शंभर रुपये मोडतात. ते ऐकत नसत. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने शंभर आणि दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक सक्तीचा केला, त्यानंतर ही मंडळी "घरी विचारून सांगतो" म्हणून जी जातात, ती परत येत नाहीत. घरी विचारायचे म्हणजे कोणाला विचारायचे, हा प्रश्न मी त्यांना मुद्दामच करीत नाही.

तंटामुक्तीची हकीकत याहूनही मौजेची आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगावी समित्या स्थापन झाल्या, आणि तंटे मिटविणाऱ्या गावांना बक्षिसे जाहीर झाली. समित्यांनी धुऱ्याचे, पांदणीचे, वाटणीचे पुष्कळ तंटे मिटविले, हे कबूल. परंतु त्याचबरोबर त्यांनी पळून जाऊ पाहणाऱ्या प्रेमी जोडप्यांची लग्ने हनुमंताच्या देवळात लावून देण्याचाही सपाटा लावला, म्हणजे ज्या हातांनी चालू हंगामाचे तंटे कापले त्याच हातांनी पुढील हंगामाचे बियाणे पेरले. अशा एका समितीच्या सदस्याला मी हे बोलून दाखविले तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "काकाजी, बक्षीस सालागणिक असते."

येथे विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट नमूद करणे मला कर्तव्य वाटते. ज्या घरात हात उचलला जातो तेथील बाईचे गप्प राहणे म्हणजे अबोला नव्हे, ती दहशत होय. आणि तिचा अर्ज मी भावे प्रयोगात लिहीत नाही, कर्त्याच्या नावानिशी लिहितो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, पोलीस ठाणे आहे. तेथे समेटाची घाई करणाऱ्या थोरामोठ्यांना माझ्या टेबलापाशी खुर्ची मिळत नाही. नवऱ्याच्या घरी नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असे १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाच्या हुकुमावर ज्या रखमाबाईंनी कळविले, त्या पुढे विलायतेत जाऊन डॉक्टर होऊन आल्या. बळाने नांदविण्याचा हुकूम मिळविणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला, दादाजींना, अखेर दोन हजार रुपये घेऊन तडजोड करावी लागली. मी हे प्रकरण तावातावाने सांगतो, आणि ऐकणाऱ्या पुरुषांच्या मनात बहुधा फक्त दोन हजार हा आकडा राहतो.

अबोल्याचा एक मोठा आधारस्तंभ म्हणजे घराबाहेर जाण्याची सोय. भांडण ऐन रंगात आले की पुरुषाने पायात चपला सरकवून, "आता या घरात पाऊल टाकणार नाही" अशी गर्जना करून पानठेल्यापर्यंत जावे, तेथे तास-दीड तास काढावा आणि जेवणाच्या वेळेस परत यावे, हा आमच्याकडचा पुरातन वहिवाटीचा हक्क आहे. या हक्कावर इतिहासात एकदाच गदा आली, ती २०१६ ते २०१८ या वर्षांत, जेव्हा टी-१, म्हणजेच 'अवनी' नावाने पुढे देशभर प्रसिद्ध झालेली वाघीण पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात वावरत होती. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांच्याविषयी थट्टा करण्याचे पाप मी करणार नाही. त्या काळातली भीती खरी होती, बाया-माणसे कापूस वेचायला जाताना टोळीने जात आणि उन्हे कलण्यापूर्वी परतत. पण गावातल्या गावात त्या भीतीचा एक परिणाम असा झाला, की सायंकाळी सहानंतर खेड्यातील कोणत्याही नवऱ्याला रागावून घराबाहेर पडता येईना. गर्जना करायची, चपला घालायच्या आणि मग त्याच चपला काढून पुन्हा खाटेवर येऊन बसायचे, या प्रकाराने कित्येकांचा रोब कायमचा गेला. बोराटीकडचा एक शेतकरी मला सांगत होता, की त्याने भर रागात दाराची कडी काढली तेव्हा बायकोने आतून बॅटरी आणून त्याच्या हातात दिली, आणि ती भिंतीकडे पाहून म्हणाली, "सेल नवे आहेत म्हणा." तो मुकाट्याने आत आला.

त्याच सुमारास त्या वाघिणीला हुडकण्यासाठी हत्ती आले, परदेशी वाणाचे कुत्रे आले, आणि कॅल्विन क्लाईन नावाच्या कंपनीचे 'ऑब्सेशन' हे पुरुषांचे अत्तर जंगलात शिंपडण्याचा प्रयोगही झाला. त्याच्या वासाने मोठी मार्जारे ओढली जातात, हे म्हणे पूर्वी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात आढळून आले होते. ही बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखविली. आमची मंडळी भाकरी थापीत होती. हात न थांबविता म्हणाली, "जंगलात वाघिणीसाठी सेंट शिंपडून राह्यले, अन् आमच्या घरात तीस वर्षांत मोगऱ्याचा गजरा नाही आला." मी वर्तमानपत्राचे पान उलटले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात ती वाघीण गोळी लागून मेली, त्यावरून न्यायालयापर्यंत वाद गेले; गजऱ्याचा वाद माझ्या घरी अजून निकाली निघालेला नाही.

परंतु हे सारे दुसऱ्यांचे दप्तर झाले. स्वतःच्या घरातील ज्या प्रकरणाने मला या विषयावर लिहिण्याचा अधिकार प्राप्त झाला असे मी समजतो, ते २०२३ सालचे, आणि त्यातील मुद्देमाल बावीस क्विंटल कापूस.

मजजवळ वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन आहे. अर्जनवीसी करून जी मिळते ती मीठमिरची, शेतात जी मिळते ती इभ्रत. शेताचा कारभार नावाने माझा आणि कामाने आमच्या मंडळींचा. सीतादही करून पऱ्हाटीची पूजा तिने करायची, वेचणाऱ्या बायांमध्ये कंबरेला ओटी बांधून तिने उभे राहायचे, आणि गाठोडी घरी आल्यावर वजनाचा आकडा वहीत मी लिहायचा, अशी श्रमविभागणी लग्नापासून चालत आली आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाच्या भावाने दहा हजारांची मर्यादा ओलांडून बाराच्या पलीकडे उडी मारली होती, हे आठवत असेल. आमचा तेव्हाचा कापूस त्यापूर्वीच, स्वस्तात गेला होता. त्यामुळे त्या वर्षीच्या नव्या पिकाला डिसेंबरात नऊ हजारांच्या आसपास भाव मिळत होता तेव्हा मंडळी म्हणाली, "विकून टाका. आलेली लक्ष्मी उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नये." मी म्हणालो, "मार्चात बारा होते." ती म्हणाली, "न झाले तर?" यावर मी ते वाक्य उच्चारले, जे उच्चारल्याचा पश्चात्ताप मला कागदोपत्री करायचा नसला तरी मनातून आहे. मी म्हणालो, "तुले बाजारातलं काय समजते?"

ती काही बोलली नाही. प्रतिवादीने कैफियत देण्याचे नाकारले. संक्रांतीला थोडेच दिवस होते.

संक्रांतीच्या दिवशी अवघ्या महाराष्ट्रात माणसे एकमेकांना गोड बोलण्याची विनंती करीत असतात. आमच्याकडे तिळगुळाचा वाटा पुतण्याच्या हस्ते मजकडे आला. हा पुतण्या आमच्याच घरी राहतो, संगणक चालवितो, मोबाइलवर रोजचे भाव पाहतो, आणि त्या चार महिन्यांत त्याने दूताचे जे काम केले त्याला तोड नाही. काकू म्हणे, "त्यांना सांग, डोकं ठिकाणावर असेल तर आज तरी गाडी बोलवा", हा मजपाशी येऊन सांगे, "काकू म्हणते, गाडीचं कसं करायचं?" मी म्हणे, "तिला म्हणा, आपल्या चुलीपुरतं पाहावं", हा आत जाऊन सांगे, "काका म्हणतात, चहा झाला का?" दोन्ही पक्षांच्या बोलण्याची धार उतरवून केलेला तो अनुवाद ऐकून मला त्याच्या भवितव्याविषयी मोठी आशा वाटू लागली.

बावीस क्विंटल कापूस घरात भरणे म्हणजे काय, हे ज्यांनी कापूस केवळ गादीत पाहिला त्यांना कळणार नाही. मधल्या खोलीत गंजी लावली, ती पायांनी तुडवून दाबली, तरी ती आढ्यापाशी जाऊन टेकली. कपाट तिच्यामागे गेले, कपाटात लग्नातला शालू आणि सातबाऱ्याच्या नकला गेल्या. कूलरची खिडकी तिच्यामागे गेली. ठिणगीच्या भीतीने देवघरातली समई ओसरीत आली आणि माझी बिडी अंगणाबाहेर गेली. गंजीच्या एका अंगाला माझी खाट, दुसऱ्या अंगाला तिची. रात्री मी खाकरलो तर तो आवाज पांढऱ्या डोंगरात जिरून जाई. पलीकडे कोणी जागे आहे की निजले आहे, हे कळण्यास मार्ग नसे. लग्नात आमच्यामध्ये अंतरपाट धरला होता तो दोन हात रुंदीचा होता आणि पाच मिनिटांत दूर झाला. हा अंतरपाट आठ फूट उंच होता, आणि तो मी स्वतः रचला होता.

भाव मात्र खाली येत राहिला. जानेवारीत साडेआठ, मग आठ, मग त्याच्याही खाली. पुतण्या सकाळी मोबाइल पाहून आकडा मोठ्याने वाची आणि नंतर माझ्याकडे न पाहता दात घासायला जाई. मी मनाशी नवीननवीन मुदती घालीत असे: होळी होऊ द्या, गुढीपाडवा होऊ द्या, सरकी वधारू द्या. घरोघरी हेच चालले होते. आमच्या ओळीत नऊ घरांत कापूस भरलेला होता, आणि माझ्या अंदाजाने नऊपैकी सात घरांत भावे प्रयोग चालू होता.

एप्रिलच्या मध्यास खाज सुरू झाली. घरात फार दिवस राहिलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते अंगाला लागले की पुरळ उठते, हे त्या वर्षी घरोघरी अनुभवास आले. प्रथम मनगटे, मग मान, मग कंबर. दवाखान्यातून मलम आणले. मलमाचा दोष नाही. परंतु मनुष्याच्या पाठीच्या मध्यभागी, दोन्ही खांद्यांच्या हाडांच्या किंचित खाली, चार बोटांचा एक असा प्रदेश परमेश्वराने ठेवला आहे की जेथे स्वतःचा उजवा हात वरून पोचत नाही आणि डावा हात खालून पोचत नाही. साठी उलटलेल्या आणि चौतीस वर्षे टेबलाशी वाकून बसलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो प्रदेश चांगला वीतभर होतो. प्रपंच मांडण्याची जी अनेक कारणे शास्त्रकारांनी दिली आहेत, धर्म, प्रजा आणि इतर, त्यांत या प्रदेशाचा उल्लेख माझ्या तरी वाचण्यात आलेला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुतण्या एका लग्नानिमित्त चार दिवस हिंगणघाटला गेला, आणि घरातील दळणवळण सर्वस्वी बंद पडले. दुसऱ्या रात्री वीज गेली. वर पत्रे, आत कापूस, बाहेर वाराही नाही. मध्यरात्रीच्या सुमारास मला राहवेना. मी उठलो, मधल्या दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी मोकळा सोडलेला बैल जसा खांबाला अंग घासतो तसा वर-खाली होऊ लागलो. चौकट करकरू लागली. अंधारातून, गंजीच्या पलीकडून, कोणालाही उद्देशून नसलेला आवाज आला, "घर पडते म्हणा एखांद्या रात्री."

मी थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा घासू लागलो.

मग बांगड्यांचा आवाज झाला. गंजी आणि भिंत यांच्यामध्ये जी हातभर बोळ उरली होती तीतून, अंगाला कापूस चिकटलेली, आमची मंडळी बाहेर आली. तिच्या हातात माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी होती. दस्तऐवजावर समास आखण्यासाठी मी ती वापरतो, आणि तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही. ती माझ्यामागे उभी राहिली आणि तिने सदऱ्याच्या आत ती फूटपट्टी घालून खाजवावयास आरंभ केला.

मी म्हणालो, "थोडं वर."

ती म्हणाली, "इथं?"

"डावीकडं. अजून. हां."

चार महिन्यांनंतरचे आमचे हे प्रथम संभाषण. व्याख्यात्यांनी पडद्यावर दाखविलेल्या चित्रांतील दांपत्य एकमेकांचे हात हातात घेऊन भावना व्यक्त करीत होते. आम्ही पाठमोरे होतो आणि कोणीही काही व्यक्त केले नाही. पुरते समाधान झाल्यावर तिने फूटपट्टी माझ्या हातात दिली आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. मी माझ्या परीने ते काम पार पाडले. आंब्याच्या झाडाखाली खाटा काढून उरलेली रात्र आम्ही अंगणातच काढली. ती एकदाच बोलली: "सकाळी गाडी सांगा." कर्तरी प्रयोग होता. मी "बरं" म्हणालो.

गाडी आली. गंजी उपसली गेली तेव्हा तिच्यामागून कपाट निघाले, कूलर निघाला, पुतण्याची हरवलेली चप्पल निघाली. बावीस क्विंटलांचे वाळून साडेवीस झाले होते, आणि भाव लागला सात हजार तीनशे. त्या रात्री तिने कालनिर्णयाच्या मे महिन्याच्या पानावर, त्या दिवसाच्या चौकटीत, पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवला: ४८,३५०. डिसेंबरात नऊ हजाराने विकला असता तर जे आले असते आणि प्रत्यक्षात जे आले, त्यातली ही तफावत. खाली सही नाही, शेरा नाही. वर्ष संपल्यावर कालनिर्णय बदलले, पण ते एक पान माझ्या टेबलाच्या खणात आपोआप येऊन पडले होते. ते कोणी ठेवले याची चौकशी मी केली नाही.

त्यानंतरच्या हंगामांत आमच्या घरी कापूस आठ दिवसांवर राहिलेला नाही. केव्हा विकायचा ते ती ठरविते, वजनाचा आकडा मी लिहितो, आणि चुकारा तिच्या खात्यावर जमा होतो.

ज्यांना राशनकार्डातून नाव कमी करावयाचे असेल त्यांनी सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते सायंकाळी पाच, तहसीलसमोरच्या कडुलिंबाखाली यावे. येताना नुसते राशनकार्ड आणावे. घरी कापूस भरलेला असेल तर तो आधी विकून यावे.